लग्नाची आठ पानं

दादानं कागद टेबलावर पसरला तेव्हा चहाचे कप उचलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका कपाचा ओला तळ कागदाच्या कडेला लागणार, एवढ्यात ताईचा हात आपसूक पुढे झाला. तिनं कप उचलून खिडकीत ठेवला. छापलेल्या कागदावर ओला कप ठेवणं हे या घरात मोठ्यांना उलट बोलण्यापेक्षा वाईट समजलं जायचं. छापखान्याची मोठी मशीन भंगारात गेली, कामगार गेले, गिऱ्हाइकं तर त्याआधीच गेली होती. मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पायानं चालवायची एक जुनी ट्रेडल, शिशाच्या अक्षरखिळ्यांनी भरलेले लाकडी ट्रे आणि दादा, एवढंच उरलं होतं. पण कपाची सवय राहिली होती.

"हे काय, निम्मं उलटं छापलंय?" वहिनी म्हणाली.

"छापखानेवाल्याच्या बायकोनं हे विचारावं?" दादा हसला. "फर्मा आहे हा. लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेची आठ पानं, एका कागदावर. चार पुढे, चार मागे. घडी घातली की सगळी सरळ होऊन ओळीनं उभी राहतात."

"मग घाल की घडी. आम्हालाही कळू दे," बाळ्या म्हणाला. भावंडांतला हा धाकटा. साठी ओलांडलेली, फरशीचं मोठं दुकान, हाताखाली माणसं; पण दादा आणि ताईच्या तोंडी तो अजून बाळ्याच होता.

"ताईची टिचकी लागल्याशिवाय घडी नाही. विसरलास वाटतं?"

बाळ्या विसरला नव्हता. ते विसरण्यासारखं नव्हतंच. छापखान्यात पहिला नमुना निघाला की तो ताईकडे जायचा. ती तो वाचायची, दुमडायची, उजेडात धरायची आणि मग खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक तिरपी रेघ ओढायची. ती टिचकी. टिचकी नसेल तर दादा मशीनवर पाय ठेवायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात थयथयाट का करेना. पुढे टिचकी घरात बोलण्यातच आली. नवं स्थळ असो की नवा पडदा, "ताईची टिचकी लागली का?" असं विचारल्याशिवाय या घरात काही पुढे सरकलं नाही. छकूच्या नवऱ्या मुलालासुद्धा पहिल्या भेटीत ताईच्या समोरच बसवलं होतं.

छकू म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करून देणं हा तिचा व्यवसाय, त्यामुळे बसलेल्या माणसाची पाठ पाहूनच तिला त्याचा दिवस कसा गेला ते कळायचं. आत्ता ती वडिलांच्या पाठीकडे पाहत होती. आज पाठ ताठ होती. बऱ्याच दिवसांनी.

"मस्त दिसतंय, बाबा," ती म्हणाली. "अक्षर किती काळंभोर उठलंय."

"खिळ्याचं अक्षर आहे. बोट फिरव, लागतं बघ हाताला. तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या छपाईत बोट फिरवलंस तर नुसता कागद लागेल."

"आणि किंमत?" बाळ्यानं कागदाची कड दोन बोटांत धरून चोळली. दुकानात गिऱ्हाईक फरशी चाचपतं तशी. "जाड आहे. भारी असणार."

"भारीच आहे."

"म्हणजे किती?"

दादानं आकडा सांगितला. वहिनीनं बशी खाली ठेवली.

"अहो, एवढ्यात सगळ्या हॉलच्या खुर्च्यांना कव्हरं येतील! नुसत्या कागदाला?"

"कागद, शाई आणि शिवणाचा दोरा. माझी मजुरी धरलेली नाही."

"मोठे उपकार झाले. लोक वाचतात आणि खुर्चीखाली टाकतात. दुसऱ्या दिवशी झाडूवाला गोळा करतो."

"टाकू देत. टाकण्याआधी वाचतील ना?"

"भाऊजी, तुम्ही सांगा यांना काहीतरी."

बाळ्या खुर्चीत मागे रेलला. सांगायला तो कधीचाच तयार होता, हे ताईला दिसत होतं.

"दादा, मी काय म्हणतो. छापायचंच असेल तर झोकात छापू. माझ्या ओळखीचा एक आहे. सोनेरी अक्षरं, रेशमी फीत, वर पातळ जाळीदार कागद. सगळं माझ्याकडून, काकाची भेट म्हणून. तू कशाला या वयात पाय मारत बसतोस?"

"फीत?" दादा म्हणाला. "लग्नाचा कार्यक्रम आहे की मिठाईचा डबा?"

छकू खुदकन हसली, वहिनीसुद्धा. बाळ्यालाही हसावं लागलं, पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "बरं, फीत नको. पण मग कमी खर्चात करू. दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस. साधं म्हणतोस आणि कागद राजेशाही आणतोस."

"साधं म्हणजे स्वस्त असं कुणी सांगितलं तुला? गाढवाला गुळाची चव काय!"

"आहे बाबा, गाढव आहे. पण गाढवानं भाडं भरलंय शेडचं. गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचंही."

टेबलाभोवतीचं हसू विरलं. हे वाक्य आज कधीतरी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. शेड वडिलांच्या नावावरची, भाडेपट्ट्याच्या जागेवरची, म्हणजे तिघांची. बाळ्याला ती फरश्या ठेवायला हवी होती. मशीन उभी आहे तोवर दादा शेड सोडणार नाही आणि दादाच्या हाताला काम आहे तोवर मशीन हलणार नाही. काम म्हणजे आता हेच. दुसरं कुणी काही छापायला येत नव्हतं.

"काका, आत्ता ते नको ना," छकू म्हणाली. मग सगळ्यांकडे पाहून घाईघाईनं, "बाबांच्या आठ पानांना माझी ना नाही. मुलाकडच्या लोकांना आपलं काही माहीत नाही, आपल्याला त्यांचं नाही. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कोण कोणाचं कोण, हे लिहिलेलं हवंच. पण आईचंही खोटं नाही. खर्च आधीच हाताबाहेर चाललाय. खरं सांगू? आत्यानं ठरवावं. ती म्हणेल ते."

"हां, हे बरोबर," दादा म्हणाला आणि कागद उचलून ताईच्या हातात दिला. "चष्मिस, बघ जरा. सावकाश बघ."

ताईला चष्मा लागला तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून दादा तिला चष्मिस म्हणत आला होता. त्याच्याशिवाय तसं कुणी म्हणत नसे.

ती कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथं खिडकीला पडदा नव्हता आणि ओट्याचा दगड सपाट होता. तिनं ओटा आधी पदरानं कोरडा केला. मग वाचलं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. नावं बरोबर, ओळी सरळ, शाई सगळीकडे सारखी. दोन नावांच्या मधलं फूल तिनं ओळखलं. वडिलांच्या वेळचा ठोकळा होता तो, दादानं कुठूनतरी शोधून काढला होता. खांद्यावरच्या पिशवीत हात घालून तिनं पेन्सिल काढली, आणि टिचकीच्या आधी सवयीनं कागदाला घडी घातली. एकदा उभी, एकदा आडवी. वरची कड सुरीनं फाडली आणि पानं उलटली.

पहिल्या पानावर नावं. दुसऱ्यावर स्वागत. तिसऱ्यावर निरोप.

तिनं परत पहिल्यापासून उलटलं. स्वागत, निरोप, मग वचनं, मग सह्या आणि साक्षीदार, मग वधूवरांचं आगमन, आणि शेवटी दोन्हीकडची नाती. पाहुण्यांनी दारात पाय ठेवला की त्यांचे आभार मानून त्यांना घरी पाठवायचं, आणि सह्या झाल्यावर नवरानवरीनं हॉलमध्ये यायचं. तिसरं पान सहाव्याच्या जागी लागलं होतं आणि सहावं तिसऱ्याच्या.

दुसऱ्या कुणाची असती तर ही हसण्यावारी न्यायची चूक होती. पण आठ पानांचा फर्मा लावणं म्हणजे दादाला श्वास घेण्यासारखं. कुठलं पान कुठल्याच्या शेजारी, कुठलं डोक्यावर उभं, हे तो कधी आखून घ्यायचा नाही. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, चहा पीत, मागे न बघता लावायचा. नव्या पोरांना शिकवताना म्हणायचा, "डोक्यानं लावू नका, चुकाल. हातांना माहीत असतं." अक्षर चुकणं ताईनं त्याच्या हातून हजारदा पाहिलं होतं. पान चुकलेलं एकदाही नाही.

"ताई, दुधाचं पातेलं त्या बाजूला आहे का बघा हो," म्हणत वहिनी आत आली. ताईनं घडी घातलेला कागद पिशवीत सरकवला. वहिनीला ते दिसलं नाही, किंवा दिसलं असलं तरी तिच्या मनात दुसरंच होतं. दार लोटून घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही रागावू नका. मी पैशासाठी म्हणत नाहीये."

"मग?"

"हे बदललेत. परवा शेडमधून घरी यायला निघाले, ते चौकात उभे. तासभर. मला शेजारच्या शिंप्यानं येऊन सांगितलं. मी गेले तर म्हणाले, जरा ऊन खात होतो." वहिनीनं पातेलं शोधलं आणि हातातच धरून ठेवलं. "सगळं बरं आहे म्हणतात. मलाही वाटतं, बरंच असेल. वय झालं की माणूस उन्हात उभं राहतं. पण त्या मशीनमध्ये एखाद्या दिवशी हात गेला म्हणजे? शेड बंद झालेली बरी, ताई. पोरीचं लग्न पार पडू दे, डोक्याला ताप नको."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"लग्नानंतर दाखवू. आत्ता पोरीला कळलं तर ती लग्नच पुढे ढकलेल, तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे."

बाहेरून दादाचा आवाज आला, "काय गं, वाचतेस की पाठ करतेस?" त्यावर बाळ्या काहीतरी बोलला आणि दोघं भाऊ हसले. कितीतरी महिन्यांनी एकत्र हसले.

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर जाऊन "दादा, तिसरं पान परत लाव," एवढंच म्हणायचं होतं. आजवर ती असल्या गोष्टी त्याला याहून कमी शब्दांत सांगत आली होती. पण बाहेर बाळ्या होता. त्याला फर्म्यातलं काही कळत नसलं तरी दादा चुकला एवढं बरोबर कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत शेडला त्याचं कुलूप लागलं असतं. छकू बाहेर होती. तिनं एकदा बापाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं की बाकीचं तिला ओळखता आलं असतं. आणि दादा होता. भर टेबलावर त्याला आपल्या हातांबद्दल हे ऐकावं लागलं असतं.

मग तिला सुचलं. त्या क्षणी ते तिला फार शहाणपणाचं वाटलं. आठ पानांऐवजी एकच पान. घडी नको, मागे-पुढे नको, चुकायला जागाच नको. नावं, क्रम, वेळ, सगळं एका जाड कार्डावर. दादाच छापेल, आपल्या ट्रेडलवर, आपल्या खिळ्यांनी. खर्च कमी म्हणून वहिनी गप्प. फीत नाही म्हणून दादा खूश. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

ती बाहेर आली. सगळे तिच्या हाताकडे पाहत होते. हात रिकामे होते.

"एक पान पुरे," ती म्हणाली.

"काय?" दादा म्हणाला.

"आठ कशाला? कोण एवढं वाचत बसणार? एका जाड कार्डावर सगळा क्रम येईल. सुटसुटीत. लोक हातात धरतील, पंख्यासारखा वाराही घेतील. खर्चही वाचेल."

विनोदाला कुणी हसलं नाही. दादा तिच्याकडे असं पाहत होता, जणू ओळखीचं दार उघडलं आणि आत दुसरंच कुटुंब राहायला आलंय.

"तू म्हणतेस हे? खर्च वाचेल?"

"म्हणजे... हो. खर्चही आहेच ना, दादा."

"बघ!" बाळ्यानं टेबलावर थाप मारली. "ताईची टिचकी लागली! आता बोल."

"मीही हेच म्हणत होते," वहिनी म्हणाली. ताईकडे तिनं कृतज्ञतेनं पाहिलं, आणि ती नजर ताईला सोसवेना.

"एकच पान म्हणजे तर काहीच नाही," बाळ्यानं फोन काढला. "आमच्या दुकानाची कार्डं छापतो ना, त्याच्याकडे एक तासात होतं. फाईल पाठवायची, संध्याकाळी गठ्ठा घरपोच. छकू, मजकूर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे, पण..." छकूनं आत्याकडे पाहिलं.

"थांब रे बाळ्या," ताई म्हणाली. "बाहेर कशाला? दादा छापेल की. एक पान तर आहे."

"एका पानासाठी मशीनला तेल घालायचं, शाई कालवायची, आठवडाभर पाय मारायचे?" वहिनी म्हणाली. "हौसेला मोल नसतं हे खरं, पण गुडघ्यांना असतं हो."

"आई!" छकू म्हणाली. "बाबांना ठरवू दे. बाबा, तुम्ही छापाल ना? एक पान?"

टेबलावर जिथं कागद पसरला होता ती जागा दादा तळहातानं साफ करत होता. तिथं काही सांडलेलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "एक पान कुणीही छापेल. एक पान तर रबरी शिक्क्यानंसुद्धा उठतं. त्यासाठी मी कशाला?"

"दादा, तसं नाही..."

"ताईनं सांगितलं म्हणजे विचार करूनच सांगितलं असेल. आजवर तिचं चुकलेलं नाही. बाळ्या, दे सांगून तुझ्या माणसाला. साधं ठेव म्हणावं. सोनेरी नको."

"सोनेरी अजिबात नको," बाळ्या म्हणाला. जिंकल्यावर तो नेहमी मऊ व्हायचा. "तू म्हणशील तसं, दादा. पांढरं कार्ड, काळं अक्षर. अगदी तुझ्या पद्धतीचं."

छकूनं मजकूर पाठवला. पलीकडून लगेच उत्तर आलं, पैसे बाळ्यानं तिथंच फोनवरून भरले. घरात वर्षभर कुरकुरत राहिलेला शेडचा विषय चहा निवायच्या आत मिटला. वहिनीनं दुसरा चहा टाकला. दादा उठला, चपला घातल्या, म्हणाला, "जरा शेडमध्ये जाऊन येतो. फर्मा चौकटीत तसाच आवळलेला राहिलाय," आणि गेला.

ताईही पिशवी घेऊन निघाली. छकू तिला सोडायला जिन्यात आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली.

"आत्या, एक विचारू? तुला खरंच ते आवडलं नाही?"

"आवडलं गं. फार सुरेख होतं."

"मग?" छकूनं कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं उचकटला. "मला आठच हवी होती. आई आणि काकांसमोर मी एकटी कशी भांडणार, म्हणून तुझ्यावर टाकलं. मला वाटलं, तू आठच म्हणशील. तू नेहमी बाबांच्या बाजूनं असतेस." ती थोडं हसली. "जाऊ दे. तूही दमलीस असशील आमच्या भांडणांना."

ताईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि उरलेला जिना उतरली. तिला सांगता आलं असतं. पिशवीत पुरावा होता. पण तो काढला असता तर वहिनीनं लग्नानंतरसाठी झाकून ठेवलेलं सगळं त्या जिन्यातच उघडं पडलं असतं. त्या दुपारी गप्प राहणं तिला एकदा जमलं होतं; दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत पिवळा दिवा, शाईचा आणि रॉकेलचा वास. दादा उंच स्टुलावर बसला होता. समोर लोखंडी चौकटीतून सुटे केलेले खिळे, ओळीच्या ओळी. छापून झालं की खिळे आपापल्या घरात परत टाकायचे, प्रत्येक अक्षराचा ट्रेमधला कप्पा ठरलेला. पण हे छापून झालेलं नव्हतं. छकूचं नाव त्यानं आधीच मोडलं होतं. नवऱ्या मुलाच्या नावाचं अर्धं उरलं होतं.

"ये," तो म्हणाला. "बस. स्टूल पुसून घे, शाई आहे."

ती बसली. तो एकेक खिळा उचलून टाकत होता. टक, टक.

"घडी घालून बघितलीस ना?" त्यानं विचारलं.

"दादा..."

"बघितलीसच असणार. नुसतं वाचून तू थोडीच सोडतेस." त्यानं हातातला खिळा दिव्याकडे धरला. "काय आलं होतं तिसऱ्यावर?"

ताईला वाटलं, शेडमधला दिवा अंधुक झाला. "निरोप," ती म्हणाली.

"म्हणजे चुकलंच होतं." दादानं मोठा श्वास सोडला, आणि तिला धक्का बसला, कारण तो सुटकेचा होता. "मीही घातली होती घडी. पुन्हा पुन्हा घातली. कधी वाटायचं बरोबर आहे, कधी वाटायचं काहीतरी उलट आलंय. तिसऱ्यापाशी अडायचो, पण नेमकं काय, ते दिसेना. पानं नुसती फिरायची डोळ्यांपुढे. चार दिवस झोप नाही. मग म्हटलं, चष्मिसला देऊ. ती सांगेल. 'दादा, तीन आणि सहा,' म्हणेल, मी परत लावीन, ती शेजारी उभी राहील. झालं."

"बाळ्या होता रे समोर."

"बाळ्या काय, बाळ्या लहानपणापासून समोर आहे. त्याच्यासमोर तू मला कितीदा झापलंस. मशीनवरच्या पोरांसमोर झापलंस, गिऱ्हाइकांसमोर झापलंस. मी कधी रागावलो?"

"नाही."

"मग आज काय झालं?"

तिच्याकडे उत्तर होतं. तुला लाज वाटू नये म्हणून. ते तोंडात आलं तेव्हा तिलाच कळलं की लाज त्याला वाटत नव्हती. टिचकीसाठी कागद पुढे करताना त्याला कधीच वाटली नव्हती. ती तिला वाटली होती, त्याच्या वतीनं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याचा कागद परक्या माणसाचा असल्यासारखा लपवला होता.

"मी छकूला फोन करते," ती उठली. "काम थांबवायला सांगते. आत्ता लावू दोघं मिळून, तू आणि मी. उद्यापर्यंत होईल."

"बस गं. बाळ्यानं पैसे भरलेत. आता थांबवलंस तर का थांबवलं ते सांगावं लागेल, आणि मग लग्न राहील बाजूला, सगळे माझ्याच मागे लागतील." तो हसला. "आणि एक पान ठीक आहे. खरंच. पोरीला कटकट नको."

"ती म्हणाली, तिला आठच हवी होती."

हे सांगायला नको होतं, हे सांगून झाल्यावर तिला समजलं. दादाचा हात थांबला.

"असं म्हणाली?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. नंतर पुन्हा एकदा, "बरं."

गल्लीतून एक सायकल गेली. कुणीतरी शटर ओढलं. दादानं पुढचा खिळा उचलला, अंगठ्यानं त्याचा माथा चाचपला आणि ट्रेवर हात नेला. हात तिथंच राहिला. कप्प्यांच्या रांगांवरून तो डावीकडून उजवीकडे गेला, परत आला, एका कप्प्यावर रेंगाळला आणि सरकला. त्याचे डोळे ट्रेकडे नव्हते. हातांना माहीत असेल म्हणून तो वाट पाहत होता.

ताईचे ओठ मिटलेले होते. तिनं ते उघडले.

"वरून दुसरी रांग, दादा. डावीकडचं."

खिळा कप्प्यात पडला. दादानं पुढचा उचलला आणि तिच्यासमोर धरला.